उसनी पावलं

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता, आणि तो रविवार मी तिच्या घरी एक फॉर्म भरण्यात घालवला.

सकाळी पुण्याहून नाशिकला पोचले तेव्हा ती ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून वाल सोलत होती. उजवा गुडघा दुखायला लागल्यापासून तिने हे स्टूल स्वयंपाकघरात आणलं होतं. वय शहात्तर, उंची चार फूट दहा इंच. स्टुलावर बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नसत, नुसते हलत राहत.

"आलीस? ते काय आणलंयस?"

"तेच. फोनवर सांगितलं होतं ना."

मी खोक्यातून ते बाहेर काढलं. राखाडी रंगाची, कमरेपासून घोट्यापर्यंत येणारी, अंगाला घट्ट बसणारी विजार. आईने ती लांबूनच पाहिली.

"लेंगा आहे," ती म्हणाली. "तुझे आजोबा घालायचे. त्यांचा निदान पांढरा होता."

वयाबरोबर स्नायू झिजतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्याही आधी मेंदूकडून स्नायूंकडे जाणारा निरोप अशक्त होतो. पाऊल उचलायचं मनात आलं की मांडीच्या कातडीवर अगदी क्षीण विद्युतदाब उमटतो, तरुणपणी ठसठशीत, म्हातारपणी पुसट. त्या विजारीच्या विणीतले चांदीचे धागे हा पुसट दाब टिपत आणि त्याच स्नायूला बाहेरून एक हलका विजेचा धक्का देत. अर्धवट उचललेलं पाऊल पुरं उचललं जाई. मात्र किती उचलायचं, कोणत्या लयीत, कुठे थांबायचं, हे त्या विजारीला आपलं आपण कळत नसे. ते ती मनगटावरच्या पट्टीकडून शिके.

पट्टी आईकडे दोन वर्षं होती. शहरातल्या पासष्टीपुढच्या प्रत्येकाला ती मिळालेली होती. दिवसाला पाच हजार पावलं व्हायला हवीत. तीन दिवस कमी पडली तर मुलांना फोन जाई. शिक्षा म्हणून एवढंच होतं, पण तेवढ्याला सगळे म्हातारे चळाचळा कापत. मुलांची बोलणी कोण ऐकणार?

जेवण झाल्यावर मी फोनवर फॉर्म उघडला. नाव, हेमलता सुधाकर गोडबोले. व्यवसाय, निवृत्त, टेलिफोन खातं. आवडीचा व्यायाम.

"रिंग लिही," आई म्हणाली.

"काय?"

"रिंग गं. रबराची. जाळीवरून फेकायची. शहाऐंशी साली खात्याच्या सामन्यांना मी अकोल्याला गेले होते. पोटात तू नव्हतीस तेव्हाची गोष्ट. अजूनही कुणी समोर उभं राहून फेकली ना, तर मी झेलीन. गुडघा बिडघा विसरायला होतं."

"आई, त्यात ते नाहीये. चालणे, योगासने, सायकल, पोहणे."

"मग 'इतर' असेल."

"इतर केलं की पुढे दहा प्रश्न येतात."

"मला एकटीनं चालायला नाही आवडत," आई म्हणाली. ती वाद घालत नव्हती, माहिती देत होती. "समोर कुणीतरी लागतं. नुसतं चालायचं म्हणजे कुठे जायचं?"

मी 'चालणे' वर खूण केली.

शेवटच्या पानावर एकच वाक्य होतं: 'पट्टी आणि वस्त्र कायम एकाच व्यक्तीच्या अंगावर असतील, याची मी, कुटुंबीय या नात्याने, खात्री देते.' त्याखाली 'होय' आणि 'नाही'.

तिथे मी थांबले, कारण ते खरं नव्हतं आणि मला ते माहीत होतं.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. चालणाऱ्या माणसाचा पाय हा एक लंबक असतो, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी सांगते. लंबक जितका लांब तितका त्याचा झोका संथ. उंच माणूस सावकाश, लांब ढांगा टाकतो. बुटका माणूस भराभर, लहान पावलं टाकतो. यात स्वभावाचा भाग थोडा असतो, बाकी सगळं पायांच्या लांबीचं. दीड वर्षापूर्वी एकदा सहज म्हणून मी आईच्या पट्टीचा आलेख उघडून पाहिला होता. संथ, लांब, घड्याळासारखी पावलं. डावं आणि उजवं तंतोतंत सारखं. चार फूट दहा इंचांची, उजव्या पायाने लंगडणारी बाई या जन्मात तशी चालू शकली नसती.

ती पावलं कुणाची हेही मला दिवाळीत कळलं होतं. तिसऱ्या मजल्यावरचे दिगंबर खरोटे. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. चाळीस वर्षं गंगापूरच्या कालव्याच्या कडेने रोज मैलोन्‌मैल हिंडून कुठे फुटलाय, कुणी पाणी चोरलंय ते पाहिलेला, सहा फुटी, काटकुळा माणूस. निवृत्त झाल्यावर पायांना काम नाही म्हणून रोज सकाळी कालव्याच्या रस्त्याने सहा किलोमीटर जाऊन येत. सोसायटीतले सहा जण रात्री आपापली पट्टी दुधाच्या पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवत. खरोटे सकाळी त्या गोळा करत, दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत नवरीच्या चुड्यासारख्या चढवत आणि चालायला निघत. परतताना ज्याची त्याच्या कडीला.

त्या रविवारी संध्याकाळी मी बॅग घेऊन जिना उतरत होते तेव्हा खाली बाकावरून डहाळे काकूंचा आवाज आला. या आईच्या समोरच राहतात.

"खरोटे, उद्या माझी जरा कमी करा हो. काल तुम्ही मला नऊ हजार चालवलंत. सून म्हणाली, एवढी ताकद आहे तर दळण तुम्हीच आणा."

"मग काय करू काकू, तुमची काढून खिशात ठेवू अर्ध्या वाटंत?"

"ठेवा की. आणि हेमाताईंची?"

"ताईंची पुरी करायची. त्यांची पोरगी मास्तरीण आहे. लगेच कळंल."

सगळे हसले. मला पाहून गप्प झाले. मीही हसून पुढे गेले.

'होय' मी दुपारीच दाबलं होतं. 'नाही' दाबलं असतं तर आईचं नाव यादीतून गेलं असतं आणि सहा महिने नव्याने मोजमाप झालं असतं. खरे आकडे पाहिल्यावर 'या व्यक्तीने एकटे राहू नये' असा शेरा आला असता आणि तिला पुण्याला आणावं लागलं असतं. माझ्या घरात चार खोल्या आहेत. जागेची अडचण नव्हती. शिवाय मला राग होता. दोन वर्षं रोज सकाळी तिने मला खोटं सांगितलं होतं. मला वाटलं, आता लेंगा अंगावर आला की पट्टीचं नाटक आपोआप संपेल. आता चालेल.

निघताना दारात आईने डब्यात डाळिंब्यांची उसळ भरून दिली होती. "उद्यापासून सातला घालायचा," मी बजावलं होतं. "घातलास की मला इथे दिसतं."

"घालते गं. एवढी कशाला वकिली."

सोमवारी सकाळी मी स्टाफरूममध्ये होते. सात वाजून पाच मिनिटांनी फोनच्या पडद्यावर दोन हिरवे ठिपके हलू लागले, एक पट्टीचा, एक वस्त्राचा. दोन्ही एका लयीत. शेजारच्या मॅडमना मी ते दाखवलं. "बघा, माझी आई चालतेय." साडेसातला तास होता. वर्गात गेले. नऊला बाहेर आले तेव्हा डहाळे काकूंचे अकरा फोन येऊन गेले होते.

काय झालं ते मला तेराव्यानंतर कळलं. वस्त्र बनवणाऱ्या कंपनीच्या निमगडे नावाच्या बाई चौकशीला आल्या. पन्नाशीच्या, सभ्य, हळू बोलणाऱ्या. आईच्या हॉलमध्ये मी, डहाळे काकू आणि खरोटे होतो.

"वस्त्र घातलेलं माणूस चालायला लागलं की वस्त्र त्याला साथ देतं," बाई म्हणाल्या. "चालायला लागलं हे त्याला दोन गोष्टींवरून कळतं. कातडीवरचा दाब, आणि पट्टीची हालचाल. दाब फारच पुसट असला तर ते पट्टीवर विश्वास ठेवतं. पट्टी चालतेय म्हणजे माणसाला चालायचंय, पायांना जमत नाहीये. म्हणून ते पायांना उचलतं."

"म्हणजे?" डहाळे काकूंनी विचारलं.

"म्हणजे पट्टी ज्यांच्या हातात होती ते चालत होते, तसे हेमलताबाईंचे पाय चालत होते."

बाईंनी कागद पुढे केला. माझ्यासाठी त्यात नवं काहीच नव्हतं, मला फक्त ते आधी सुचलं नव्हतं. खरोटे कालव्यावर पोचले आणि त्यांनी वेग धरला तेव्हा आई या हॉलमध्ये सहा फुटी माणसाच्या ढांगा टाकत होती. भिंत आली की वस्त्र तिला वळवत होतं. छातीचे ठोके जास्त झाले तर ते थांबतं, पण ठोके पट्टी मोजते, आणि खरोट्यांच्या छातीचे ठोके अख्ख्या वेळात एकशे दहाच्या वर गेले नव्हते. विजार सोडायची कळ कमरेवर पाठीमागे होती आणि माणूस चार सेकंद स्तब्ध उभं राहिल्याशिवाय ती सुटत नसे. चालताना कुणी पडू नये म्हणून तशी सोय केली होती.

सात सत्तेचाळीसपुढे लिहिलं होतं: 'वापरकर्तीचा तोल जाण्याची शक्यता. वस्त्राने भिंतीलगत सुरक्षित बसवले. पतन टळले. व्यायाम बैठ्या स्थितीत पुढे सुरू.'

"पट्टी दुसऱ्याला दिलेली असते," बाईंनी माझ्याकडे पाहून विचारलं, "हे घरात कुणाला माहीत होतं का?"

मी उत्तर द्यायच्या आधीच खरोटे बोलले.

"या बाईंना काय ठाऊक असणार? या पुण्याला. आमचंच पाप आहे ते. सकाळी पिशवी कडीला होती, मी उचलली. ताईंनी लेंगा घातलाय हे मला नव्हतं माहीत. आन त्यांना वाटलं असणार, मी पावलं पुरी केली की तो गप बसंल."

"बरोबर आहे ना?" बाईंनी मला विचारलं.

"बरोबर," मी म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

बाई गेल्यावर खरोटे उठले नाहीत. डहाळे काकू चहा ठेवायला आत गेल्या. खरोटे खाली फरशीकडे पाहत सांगू लागले. मी विचारलं नव्हतं.

"सव्वाआठला मी आलो. बाकीच्यांच्या पट्ट्या अडकवल्या. ताईंच्या दाराआड धपधप ऐकू आली म्हणून वाजवलं, उघडंना. किल्ली काकूंकडं असते, ती घेतली. ताई हितं बसल्या होत्या, या भिंतीला टेकून. डोळे उघडे. पाय पुढं पसरलेले. मी आत आलो तर पाय हलत होते. मी म्हटलं, देवाची कृपा, ताई हायेत. मी थांबलो. म्हटलं, ताई, काय झालं? तर पाय थांबले."

त्यांनी उजवं मनगट डाव्या हातात धरलं.

"मी एक पाऊल पुढं टाकलं. त्यांचा उजवा पाय उचलला. मी दुसरं टाकलं. डावा उचलला. मग मला कळलं. ताईंची पट्टी माझ्या हातातच होती अजून. मंग मी तिथंच उभा राहिलो, हलायलाच तयार नाही. काकू आल्या, त्यांनी माझ्या हातातली काढली."

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. एक कप मी खरोट्यांच्या हातात दिला, पण चहा कुणीच प्यायला नाही.

मी पुण्याला परतले. तास घेतले, पेपर तपासले. लंबकाचा धडा शिकवायला सहकाऱ्यांकडे दिला. लोक भेटायला येत, म्हणत, काय पण चमत्कारिक अपघात, आणि त्या म्हाताऱ्याचा काय बेजबाबदारपणा. मी चहा पुढे करत असे. एकदा कुणीतरी म्हणालं, "तू फार धीराने घेतलंस." मी त्यावर मान हलवली हे मला अजून आठवतं.

कंपनीने अहवाल दिला. त्यात दोष आईचा होता आणि 'शेजारी, पुरुष, वय ७९' यांचा. पुढच्या वस्त्रांत पट्टी विजारीतच शिवून टाकली.

तीन महिन्यांनी घर रिकामं करायला नाशिकला गेले. डहाळे काकू मदतीला आल्या. साड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "वर जाऊन ये एकदा. खरोट्यांकडे."

"कशाला?"

"चालणं सोडलंय त्यांनी. त्या दिवसापासून. आधी कालव्यावर जाईनात, मग खाली येईनात, आता खुर्चीतून उठत नाहीत. डॉक्टर म्हणाले, ऐंशीच्या घरातल्या माणसाचे पाय दहा दिवस बसून राहिले तर दहा वर्षांची ताकद जाते. अजून महिनाभर असेच बसले तर अंथरूण धरतील, आणि मग काही खरं नाही. मुलगा मस्कतहून फोनवर ओरडतो. आम्ही सगळे सांगून थकलो. आमच्यातल्या काही जणांनी तोंडही सोडलं त्यांच्यावर, खोटं कशाला बोलू. भीती वाटली होती ना सगळ्यांना. तू म्हणालीस तर ऐकतील. तुझीच तर आई."

मी वर गेले.

दार उघडंच होतं. खरोटे खिडकीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. लुंगीतून खाली आलेल्या पोटऱ्यांवर कातडी सैल लोंबत होती. पावलांना सूज होती. चाळीस वर्षं कालवा तुडवलेल्या माणसाचे ते पाय आहेत असं कुणी म्हटलं नसतं. खिडकीतून कालव्याचा रस्ता दिसत होता, तरी त्यांनी खुर्ची उलट्या बाजूला फिरवून ठेवली होती.

"या बाई," ते म्हणाले. "उठत नाही, रागावू नका."

"काका, काकू म्हणतात तुम्ही चालायला जात नाही."

"जात नाही."

"असं बसून कसं चालेल?"

"का नाही चालणार? पुष्कळ चाललो." ते हसले. "बाई, तुम्ही शिकलेल्या. मला समजतं की आता माझ्या हाताला काही बांधलेलं नाही. पण पाऊल उचललं की वाटतं, कुठंतरी कुणाचा तरी पाय उचलला जातोय. संडासला जायचं तरी भिंत धरून, हळू. मी जोरात चालायचो हो त्या दिवशी. हवा चांगली होती. पुलापाशी तर मी जवळजवळ पळालो, मागं कुत्रं लागलं म्हणून. ते कळतं का तुम्हाला? ताई हितं घरात पळत होत्या."

मी त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले.

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत," ते म्हणाले. "एक शब्द नाही. तुमची आई मारली मी, आन तुम्ही मला चहा दिलात. लई मोठं मन आहे तुमचं. ताईंसारखंच."

त्यांनी हात जोडले. त्यांच्या दोन्ही मनगटांवर, जिथे दोन वर्षं सहा जणांच्या पट्ट्या बसत, कातडीचा रंग अजून फिका होता.

मी त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले.

"काका," मी म्हणाले, "पट्टी आईच्या हातात नसते हे मला दीड वर्ष माहीत होतं. तुमच्या हातात असते हेही माहीत होतं. त्या फॉर्मवर विचारलं होतं, पट्टी आणि लेंगा एकाच माणसाच्या अंगावर असेल ना. मी होय म्हणून दाबलं. निमगडे बाईंना मी खोटं सांगितलं, तुमच्या देखत."

ते माझ्याकडे पाहत होते. त्यांना कळायला वेळ लागत होता, आणि मला ते कळेपर्यंत थांबता आलं असतं. मी थांबले नाही.

"आणि सात सव्वीसला आईचा मला फोन आला होता. तिला धाप लागली होती. म्हणाली, केतकी, हे थांबत नाहीये गं, बंद कर. बंद करायचं बटण माझ्या फोनवर होतं. काका, मी ते दाबलं नाही. मी तिला म्हणाले, थोडं चाल आई, तुझ्याच भल्यासाठी आहे. आणि तासाला गेले."